चीनशी बोलताना मध्ये साहेब कशाला?

चीनच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव मराठी वर्तमानपत्रांत २०१३ पासून चुकीचं छापून येतंय. ‘शी जिनपिंग’. यातला ‘शी’ ठीक आहे. पुढच्या नावातली दोन्ही अक्षरं गंडलेली आहेत. चिनी माणूस ते नाव ‘चिन-फिंग’च्या जवळ जाईल असं उच्चारतो. हे मी कुठल्या गुप्त ग्रंथातून काढलेलं नाही. चीन सरकारच्याच आकाशवाणीची, चायना रेडिओ इंटरनॅशनलची, हिंदी सेवा वर्षानुवर्षं ‘शी चिनफिंग’ आणि ‘पेइचिंग’ असं लिहितेय. आपण ‘बीजिंग’ लिहितो. म्हणजे ज्यांची राजधानी आहे ते लोक देवनागरीत तिचं नाव बरोबर लिहितात, आणि ज्यांची देवनागरी आहे ते आपण चुकीचं.

यात अवघड काही नाही, एकच गोष्ट समजून घ्यायची. चिनी प्रमाणभाषेत (तिला तिथले लोक ‘फूथुंगह्वा’ म्हणतात, म्हणजे सर्वसामान्यांची बोली) आपल्यासारखे घोष ब, द, ग नाहीत. तिथे जोड्या आहेत त्या प आणि फ, त आणि थ, क आणि ख अशा. हवा न सोडता प, हवा सोडून फ. ओळखीचं वाटतंय ना? पहिलीत बाराखडी शिकताना हाच फरक आपण घोटलेला असतो. जगातल्या बऱ्याच भाषांना तो कळतही नाही आणि आपल्याला मात्र तो फुकटात मिळालाय.

इंग्रजीला तो फुकटात मिळालेला नाही. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला ‘पी’ म्हणतो तेव्हा तोंडातून हवेचा झोत जातोच. त्यामुळे त्याला चिनी ‘फ’ हा आपला ‘पी’ वाटतो, आणि चिनी ‘प’ लिहायला दुसरं अक्षर उरत नाही म्हणून ‘बी’ वापरला तर त्याचं भागतं. त्याचं भागतं, आपलं नाही. कारण आपण तो ‘बी’ बघतो आणि इमानदारीत ‘ब’ लिहितो. ‘पेइचिंग’चं बीजिंग होतं ते असं. गंमत म्हणजे जुनं ‘पेकिंग’ लिहायचो तेव्हा निदान पहिलं अक्षर तरी बरोबर होतं.

रोमन लिपीतली ही पद्धत, पिनयिन, चीनने १९५८ मध्ये अधिकृत केली. ती त्यांच्या स्वतःच्या लोकांसाठी होती, साक्षरता वाढावी आणि देशभर एक उच्चार पोचावा म्हणून. आपली रोमन अक्षरं नगरचा माणूस इंग्रजीसारखी वाचेल आणि मग देवनागरीत उतरवेल, याचा विचार त्यांनी का करावा? पिनयिनचा दोष काहीच नाही. दोष आहे तो ‘रोमन दिसलं की इंग्रजी’ या आपल्या सवयीचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या हार्डवेअरचे पुरवठादार तिकडचे, म्हणून दोन वर्षं शनिवार-रविवार मँडरिनचा क्लास केला. तिथे पहिल्याच आठवड्यात एक कागदाचा खेळ घेतात. तोंडासमोर कागद धरायचा, ‘फ’ला कागद हलला पाहिजे, ‘प’ला हलता कामा नये. इंग्रजी बोलून मोठे झालेले लोक यावर महिना-महिना घालवतात. आमच्या वर्गातल्या मराठी पोरांना एका मिनिटात जमलं असतं. पण हातात जे छापील कागद होते त्यांवर लिहिलेलं होतं, ‘बी’ म्हणजे ‘बॉय’मधला बी. झालं. सगळी पोरं मनापासून ‘ब’ म्हणत बसली. ज्यांना दार उघडंच होतं त्यांना खिडकीतून चढायला लावलं. कागदावर एक ‘प’ छापला असता तर काम झालं असतं.

आता ‘च’कडे येतो, कारण खरी चीड मला तिथे येते.

मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चहा’तला वेगळा, ‘चमचा’तला वेगळा. हिंदीवाल्यांना हा दुसरा च येत नाही, त्यावरून आपण त्यांची थट्टाही करतो. तो दुसरा च, चमच्यातला, चुलीतला, चोरातला, चिनी भाषेत जसाच्या तसा आहे. पिनयिनमध्ये तो ‘झेड’ने लिहितात. आता सातव्या शतकातल्या त्या प्रवाशाचं नाव घ्या, जो भारतभर फिरला आणि साधारण ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, येऊन गेला. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला युआन श्वांग म्हणून वाचला. जुन्या पुस्तकांत तो ह्युएनत्संग आहे. इंग्रजांनी बिचाऱ्यांनी ‘टीएस’ जोडून आपला चमच्यातला च लिहायचा प्रयत्न केला होता, आणि आपण तो प्रयत्न बघून ‘त्सं’ असं जोडाक्षर पाडलं. त्याचं नाव आहे श्वेन-चांग. ‘चांगला’मधला चांग. अख्ख्या देशात हे नाव सहज म्हणता येईल अशी मोजकी माणसं आहेत, त्यांत आपण आहोत. तरीही ते आपल्याला म्हणता येत नाही, कारण ते आपल्यापर्यंत लंडनमार्गे आलं.

त्याने आपलं नाव कसं लिहिलं तेही बघा. महाराष्ट्रासाठी त्याने चार चिनी अक्षरं वापरली. आजच्या चिनीत ती ‘मो-ह-ला-छा’ अशी वाचतात आणि ऐकायला विचित्र वाटतात. पण त्या काळच्या उच्चारांची जी मांडणी अभ्यासकांनी केली आहे, तिच्याप्रमाणे ती ‘म-हा-लाट-ठा’च्या जवळ जातात. म्हणजे संस्कृत ‘महाराष्ट्र’ नव्हे, लोकांच्या तोंडचं प्राकृत ‘महारट्ठ’. र त्यांच्याकडे नव्हता म्हणून ल घेतला, बाकी जे कानावर पडलं ते लिहिलं. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी, हजारो मैल चालत आलेल्या माणसाने. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण प्राकृतापासूनच्या परंपरेचे फ्लेक्स लावले. त्या प्राकृतातलं आपलं नाव कानाने टिपून ठेवणाऱ्याचं नाव मात्र आपण डोळ्याने, तेही दुसऱ्याच्या स्पेलिंगवरून उतरवतो.

आमच्या नगरच्या किल्ल्यात याचं एक छान उदाहरण घडून गेलंय. (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगर. मी इथे कंडक्टरबरोबर आहे, वाद घालायचा असेल तर वेगळा लेख लिहू.) १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी या किल्ल्यात आणून डांबले. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्यात चिनी यात्रेकरूंबद्दलही बरंच आहे. पण मला त्याहून मौलाना आझाद आवडतात. त्यांनी इथूनच लिहिलेली पत्रं ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आहेत आणि त्यांत चहावर भरभरून लिहिलंय. दूध-साखर घातलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. त्यांचा चहा चीनचा, आणि त्याचं नाव काय? ‘व्हाइट जॅस्मिन’. पान चिनी, पिणारा उर्दूतला दिग्गज, तुरुंग नगरचा, आणि डब्यावरचं नाव इंग्रजी. इंग्रजांच्याच कैदेत!

पण ‘चहा’ हा शब्द बघा. तो आपण इंग्रजांकडून घेतला नाही. त्यांचं ‘टी’ दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या बोलीतून आलं, आपलं ‘चहा’ चिनी ‘छा’च्या दुसऱ्या वाटेने, फारसी आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी जगभर फिरवलेल्या शब्दाच्या कुळातून. म्हणून तो मुळाच्या इतका जवळ आहे. साहेब मध्ये नव्हता तेव्हा आपल्याला जमत होतं.

इथे कुणीतरी ‘शेजवान’ काढणार हे मला माहीत आहे. सावेडीत पाइपलाइन रोडला संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात. पाट्यांवर चायनिज, चायनिझ, मंचुरीयन, मन्चूरियन, सगळं असतं. सिछ्वान प्रांताचं जुनं इंग्रजी स्पेलिंग कुणीतरी भारतात आणखी वाकवलं आणि त्याचं शेजवान झालं. तिथल्या माणसाला ते कळणार नाही, चटणी खाल्ली तर बहुतेक रडूच येईल. तरी या शब्दाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. शेजवान हा आता मराठी शब्द आहे, टेबल आणि बटाट्यासारखा. गाडीवाल्याने तो वापरून, तव्यावर परतून, स्वतःचा केला. ‘ट्रिपल शेजवान’ असा प्रकार तर चीनमध्ये अस्तित्वातच नाही, तो आपला माल आहे. सुशिक्षित संपादकाने लिहिलेलं ‘झेडाँग’ मात्र कुणाचंच नाही. माओचं नाव आधी ‘त्से-तुंग’ असं यायचं, त्यातला ‘तुंग’ बरोबर होता. मग इंग्रजी स्पेलिंग बदललं आणि आपण बरोबर असलेला त टाकून ड आणला. गाडीवाला चुकला तर नवा शब्द होतो. संपादक चुकतो तेव्हा ती फक्त हुजरेगिरी असते.

एवढंच असतं तर मी लेख लिहिला नसता. नावं काय, चालून जातात. पण उच्चारात जो प्रकार चालतो तोच अर्थातही चालतो, आणि तिथे पैसे जातात.

माझा मामेभाऊ नागापूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो. गेटं, ग्रिल, पॅनल. त्याने कर्ज काढून चीनमधल्या चिनान शहरातून (नकाशावर जिनान) लेझर कटिंग मशीन आणलं. तिकडचा सर्व्हिसवाला चिनीत टाइप करतो, हा मराठीत, आणि मध्ये फोनमधलं भाषांतराचं ॲप. एकदा मशीनची लेन्स काळी पडली. तिकडून निरोप आला, तो ॲपने मराठीत दाखवला: ‘आम्ही उद्या लेन्स बदलू.’ भावाने मशीन बंद ठेवलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. पार्टीचे फोन सुरू झाले. मी विचारलं तर म्हणाला, “आरं, ते म्हणले आम्ही बदलू, मंग मी कशाला हात लावू? वॉरंटी गेली तर?”

मी मूळ चिनी निरोप बघितला. त्यात शब्द होता ‘चान-मन’, पुन्हा तोच चमच्यातला च. चिनीत ‘वो-मन’ म्हणजे आम्ही, आणि ‘चान-मन’ म्हणजे आपण, ऐकणारा धरून. उत्तरेकडच्या बोलण्यात हा फरक रोज वापरला जातो, आणि चिनान उत्तरेतच येतं. सर्व्हिसवाला म्हणत होता: उद्या आपण मिळून बदलू, मी व्हिडिओ कॉलवर सांगतो, तुम्ही हात लावा. चिनीत ‘आपण’ होतं. मराठीत ‘आपण’ आहे. मध्ये इंग्रजीचं ‘वी’ आलं, त्याला आपण आणि आम्ही यांतला फरक माहीतच नाही, आणि तीन दिवस मशीन झाकून ठेवलं गेलं. दोन्ही टोकांना जे होतं ते मधल्याने खाल्लं. असाच दलाल मार्केट यार्डात असता तर शेतकऱ्याने त्याची कॉलर धरली असती.

हे एकदा दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. चिनीत ‘नी’ म्हणजे तू आणि ‘निन’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. इंग्रजीत दोन्ही ‘यू’. त्यामुळे भावाचं ॲप पन्नाशीच्या सर्व्हिसवाल्याला कधी तू म्हणायचं, कधी तुम्ही, नशिबावर. नात्यांचं तर विचारूच नका. काका-मामा, आत्या-मावशी हा फरक इंग्रजीला लागत नाही, चिनीला लागतो. किंबहुना आपल्याहून जास्त लागतो, वडिलांचा थोरला भाऊ ‘पो-पो’ आणि धाकटा ‘शू-शू’. मामाला ‘च्यौ-च्यौ’, आत्याला ‘कू-कू’. पण ॲपमधून चिनी मामा मराठीत आला की हमखास काका होतो. लग्नात नवरीला बोहल्यापर्यंत कोण आणतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ही चूक बारीक वाटणार नाही.

आणि ‘आ-यी’. हा माझा सगळ्यात लाडका शब्द. अर्थ मावशी. पण चीनमध्ये घरकामाला येणाऱ्या बाईलाही आ-यी म्हणतात, आईच्या वयाच्या कुठल्याही अनोळखी बाईलाही. आपण काय म्हणतो? दवाखान्यातली मावशी, शाळेतली मावशी, धुणंभांड्याच्या मावशी. शब्द तोच, त्यातली माया तीच आणि त्यातली लबाडीसुद्धा तीच, नातं लावायचं आणि पगार वाढवायचा नाही. इंग्रजीतून गेलात की एकतर ‘आंटी’ मिळते नाहीतर ‘मेड’. दोन्ही भाषांतलं इतकं नेमकं साम्य, आणि दोन्हीकडच्या लोकांना त्याचा पत्ता नाही.

असं का होतं हे माझ्या धंद्यातलं गुपित नाही. भाषांतर करणारं यंत्र जोडवाक्यांवर शिकतं: हे वाक्य या भाषेत असं, त्या भाषेत तसं. मराठी-इंग्रजी जोड्या आहेत, चिनी-इंग्रजी जोड्या ढिगाने आहेत, मराठी-चिनी जवळपास नाहीत. मग यंत्र इंग्रजीवरून उडी मारतं, कधी उघडपणे दोन टप्प्यांत, कधी आतल्या आत. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली. तेव्हापासून आपण आनंदात आहोत की आली एकदाची. पण ती इंग्रजीचा हात धरून आली, हे विचारायचं राहिलं. आणि ‘एआय सगळं सुधारेल’ म्हणणाऱ्या माझ्याच मित्रांना सांगतो, मॉडेल आपण जे लिहून ठेवलंय तेच शिकतं. बातमीत लाख वेळा बीजिंग असेल तर ते बीजिंगच म्हणेल, आत्मविश्वासाने.

काही जण म्हणतील, देवनागरी तरी कुठे पुरते? बरोबर, पुरत नाही. चिनीतले चढ-उतार देवनागरीत लिहिता येत नाहीत, आणि ते चुकले तर अर्थ बदलतो. च आपल्याकडे दोन तर त्यांच्याकडे तीन प्रकारचे, त्यांतले दोन आपल्याला एकाच अक्षरात कोंबावे लागतात. फ-चीही अडचण आहे, कारण त्यांच्याकडे ओठ मिटून म्हणायचा फ वेगळा आणि कुंगफूतला वेगळा. (आपल्याकडे ‘फळ’ म्हणताना इंग्रजी ‘एफ’ काढणारी पिढी तयार झालीय, त्यात मीही मोडतो, त्यामुळे ‘चिनफिंग’ म्हणताना आजीसारखा फ काढावा लागेल.) पण बातमीला आणि रोजच्या वापराला जेवढं लागतं तेवढं रोमनपेक्षा देवनागरीत नक्की जास्त बसतं. पूर्ण जमत नाही म्हणून जमतंय तेही सोडायचं, हा कुठला हिशेब?

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो: चीनशी आपलं वाकडं, त्यांची भाषा कशाला? गलवाननंतर २०२० मध्ये आपण त्यांची ॲप बंद केली, मशीनं मात्र येतच राहिली. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय तो कदाचित शाओमीचा असेल. ‘श्याओ-मी’ म्हणजे राळे. हो, तेच राळे, जे नगर-बीडकडे जुन्या बायका अजून ओळखतात. पुण्याहून नगरला येताना रांजणगावला हायरचा कारखाना लागतो. त्या नावाची गोष्ट ऐका. लीबहेर या जर्मन कंपनीबरोबर त्यांनी ऐंशीच्या दशकात फ्रिज बनवायला सुरुवात केली. ते नाव चिनी कानाला ‘ली-पो-हाय-अर’ असं ऐकू आलं, त्यातलं शेवटचं ‘हाय-अर’ ठेवून घेतलं आणि तेच नाव जगभर विकलं. जर्मन शब्द आपल्या कानाने ऐकला, आपल्या अक्षरात लिहिला, इंग्रजीला विचारलं नाही. धंदा करणारे असे वागतात. शत्रू मानायचं असेल तरी मग त्याचं बोलणं आधी नीट कळायला हवं.

आणि ज्याला वाकडं वाटतं त्याने सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवावेत. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनमध्ये गेले, चिनी शिकले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चीनमध्ये त्यांचं नाव ‘ख-ती-ह्वा’ आहे. ‘ख’ कोटणीसमधल्या ‘को’साठी, ‘ह्वा’ म्हणजे चीन. मुलाचं नाव ‘यिन-ह्वा’ ठेवलं, यिन म्हणजे भारत. इंग्रजीत हे नाव ‘डिहुआ’ असं दिसतं, म्हणून मराठी लेखांतही कोटणीसांना ‘के दिहुआ’ करून टाकलेलं मी वाचलंय. सोलापूरच्या माणसाचं नाव, मराठीत, इंग्रजीवरून!

मला विद्यापीठ नको, अकादमी नको, समिती तर मुळीच नको. मराठी वृत्तपत्रांच्या टेबलावर एक पानाचा तक्ता पुरेल: रोमन ‘बी’ दिसला तर प, ‘डी’ दिसला तर त, ‘जी’ दिसला तर क, ‘जे’ आणि ‘झेडएच’ला च, ‘झेड’ला चमच्यातला च, ‘पी’ला फ, ‘टी’ला थ, ‘के’ला ख. दुपारभरात पाठ होतो. चीनमध्ये शिकून आलेली मेडिकलची मराठी पोरं गावोगावी आहेत, त्यांनी दोन-दोन हजार मराठी-चिनी वाक्यं थेट लिहून मोफत उघडी ठेवली तर पुढच्या यंत्रांना इंग्रजीला वळसा घालता येईल. माझी पहिली पाचशे तयार आहेत, त्यांतली निम्मी लेन्स, नोझल आणि गॅसप्रेशरबद्दल आहेत, कारण ती भावाला लागतात.

आणि संपादकहो, उद्याच्या अंकात एकदा ‘शी चिनफिंग’ छापून बघा. वाचकांचे फोन येतील, मुद्रणदोष झालाय म्हणून. त्यांना ‘चांगला’ म्हणायला सांगा, मग ‘चहा’ म्हणायला सांगा, आणि विचारा की दोन्ही च सारखे लागले का. पुढचं त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल.